यादीबाहेरची चूक

उमेदवार क्रमांक सत्तेचाळीसला मी अकरा गुण दिले. पास व्हायला बारा लागत.

हे काम नेमकं काय असतं ते आधी सांगते. वकिलांच्या कंपन्यांना माणसं निवडून देणाऱ्या एका संस्थेत मी नोकरी करते. बारा वर्षांपूर्वी मी इथे आले तेव्हा मोठ्या कंपन्या दर वर्षी पंधरा-वीस नवे पदवीधर घेत आणि त्यांना दोन-तीन वर्षं नुसते करार वाचायला बसवत. चष्म्याचा नंबर वाढला की माणूस वकील झाला, असं गमतीने म्हणत. आता करार यंत्र लिहितं. नव्या पदवीधरांची टेबलं गेली. एका कंपनीत तर ते बसायचे त्या खोलीत आता सायकली ठेवतात. पण यंत्रही चुकतं, आणि इतक्या सफाईदार भाषेत चुकतं की चूक वाचताना छान वाटतं. म्हणून गेल्या तीन वर्षांत एक नवी जागा निघाली आहे: यंत्राने लिहिलेलं वाचून त्यातलं चुकलेलं काढणारा माणूस. सहा महिन्यांची नेमणूक, काम आवडलं तर पुढचे सहा महिने. आम्ही त्याला तपासनीस म्हणतो.

तपासनिसांची परीक्षा मी काढते आणि बहुतेक पेपर मीच तपासते. घरभाड्याचा सात पानी करार, त्यात मुद्दाम पेरलेल्या पंधरा चुका, वेळ दोन तास. करार कागदावर छापून देतो, कारण पडद्यावर शोधून देणारी बटणं असतात. उमेदवाराचं नाव, वय, शिक्षण सगळं झाकलेलं. वर फक्त क्रमांक. वय बघून कोणाला डावललं जाऊ नये म्हणून हा नियम केला. नियम मी सुचवला होता, आणि त्याबद्दल माझं कौतुकही झालं होतं.

सत्तेचाळीस क्रमांकाच्या पेपरवर उजव्या कोपऱ्यात 'सातपैकी एक' असं हाताने लिहिलेलं होतं. पुढच्या पानावर 'सातपैकी दोन'. कलमांच्या मधल्या प्रत्येक कोऱ्या जागेत तिरकी रेघ मारलेली होती, नंतर कोणी काही घुसडू नये म्हणून. ती रेघ पाहिली तेव्हा मी अजून अक्षराकडे नीट बघितलं नव्हतं. मग बघितलं. माझ्या शाळेच्या सगळ्या वह्यांवर माझं नाव त्या अक्षरात होतं.

बाबा त्रेचाळीस वर्षं वकिली करत होते. कोर्टात फारसे उभे राहिले नाहीत. त्यांचं काम दस्तांचं. एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांची खोली होती. लोक खरेदीखतं, मृत्युपत्रं, भाडेकरार करून घ्यायला येत, आणि करार राहायचा बाजूला, आधी अर्धा तास घरातलं भांडण सांगत बसत. बाबा ऐकून घेत. पुढे लोक तयार नमुने वापरायला लागले. नमुन्याला भांडण सांगावं लागत नाही. एक दिवस बाबांनी पाटी उतरवली आणि बगलेत मारून घरी आणली. ऑफिसात मी सांगितलं, "वडील स्वखुशीने निवृत्त झाले."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. परीक्षेला वयस्क उमेदवार यायला लागले तेव्हा हॉलमध्ये ते लगेच ओळखू यायचे. दोन चष्मे, तीन पेनं आणि चहाचा थर्मास. आमच्या ऑफिसात त्यांना 'थर्मास मंडळ' म्हणतात. हे नाव माझं. चहा पिताना सहज बोलून गेले होते. सगळे पोट धरून हसले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

ओळखीच्या माणसाचा पेपर निघाला तर तो शेजारच्या परीक्षकाकडे द्यायचा, असा नियम आहे. शेजारचं टेबल सहा पावलांवर. 'हा बहुतेक माझ्या वडिलांचा आहे,' एवढंच म्हणायचं होतं. ते वाक्य मी मनात दोनदा जुळवलं. त्यानंतर कोणीतरी विचारणार, 'अरे वा, म्हणजे बाबा पण आपल्या मंडळात?' तेही जुळवलं. आणि लाल पेनाचं टोपण काढलं.

पंधरापैकी अकरा. तारखांच्या दोन चुका सुटल्या होत्या आणि कलमांच्या उलटसुलट क्रमांकांच्या दोन. पण सहाव्या पानावर, एकविसाव्या कलमापाशी समासात काही लिहिलं होतं. कलम असं होतं: मुदत संपल्यावर भाडेकरूचं काही सामान राहिलं, तर ते बाहेर काढण्याआधी मालकाने त्याला पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, आणि ती भाड्याच्या जागेच्या पत्त्यावर पाठवावी. समासात बाबांनी लिहिलं होतं: 'मुदत संपली म्हणजे माणूस तिथे राहत नाही. ही नोटीस वाचणार कोण? दार?'

ही चूक माझ्या यादीत नव्हती. मी ती पेरलेली नव्हती. मूळ नमुन्यातच होती. चारशेच्या वर उमेदवारांनी आजवर तो करार वाचला होता, मी स्वतः किती वेळा वाचला असेल त्याची गणती नाही, आणि कोणालाही ती दिसली नव्हती. कारण ती शब्दांत दिसत नाही. घर सोडून जाणारा माणूस डोळ्यांसमोर आणावा लागतो, तेव्हा दिसते.

गुणपत्रकाच्या तळाशी एक रकाना असतो: यादीबाहेरच्या चुका. दाखवलेली चूक खरी असेल तर परीक्षकाने एक गुण द्यावा. तोवर मी तो तिघांना दिला होता. तिन्ही अनोळखी क्रमांक, आणि तिघांच्याही चुका याहून किरकोळ होत्या.

मी रकाना रिकामा ठेवला.

त्या वेळी मनाला काय सांगितलं तेही लिहिते. सांगितलं की त्यांना तिथे झेपणार नाही. तिथे पडदा मोजतो, तासाला किती पानं झाली ते. पंचवीस वर्षांची पोरं त्यांना 'अंकल' म्हणतील. सांगितलं की मी त्यांना वाचवते आहे. हे सगळं खरंच होतं. फक्त त्यातलं काहीही मला रकाना बघताना आठवलं नव्हतं. ते मी गुणपत्रक पाकिटात घातल्यावर गोळा केलं.

आठवड्याभराने फेरतपासणीचा अर्ज आला. तोही क्रमांकावरच येतो, आणि मूळ परीक्षकाकडेच. सत्तेचाळीस. एकच वाक्य होतं: 'कलम एकवीसबद्दलची माझी नोंद चुकीची असल्यास कृपया कशी ते कळवावे, म्हणजे माझा गैरसमज दूर होईल.' पहिल्या वेळी मी गडबडले होते असं एखादा म्हणू शकेल. या वेळी माझ्या हातात अख्खा दिवस होता. मी जेवून आले, दोन फोन केले, आणि अर्जावर लिहिलं: 'बदल नाही.'

त्याच रविवारी मी आईबाबांकडे जेवायला गेले. बाबांनी परीक्षेचं नाव काढलं नाही. मला वाटलं, विषय काढतील. मग वाटलं, काढला तर काय करू. भाजी वाढून घेताना त्यांनी विचारलं, "काय म्हणतोय बाजार, न्यायाधीशबाई?"

लहानपणी मी भावंडांच्या भांडणात निवाडे द्यायचे, तेव्हापासूनचं ते नाव.

"कुठला बाजार?"

"वकिलांचा गं. सध्या काय उचललं जातंय?"

"तरुणच घेतात, बाबा. वेग लागतो."

"लागणारच," ते म्हणाले. "आम्ही म्हणजे जुन्या मोटारी. पोचवतो, पण हॉर्न सोडून सगळं वाजतं."

आई म्हणाली, "जेवताना कसली मोटार?" आणि तो विषय तिथेच संपला. मी खोटं बोलले होते. त्या महिन्यात माझ्या टेबलावर तीन कंपन्यांची पत्रं होती, वयस्क माणसं आहेत का म्हणून विचारणारी.

परीक्षेची पुढची फेरी दोन महिन्यांनी झाली. उत्तरांची यादी नव्याने छापायची होती. मी पंधराव्या चुकीखाली सोळावी घातली: कलम एकवीस, नोटिशीचा पत्ता. आमच्या साहेबांनी यादी वाचली. ते सगळं टक्क्यांत बोलतात, म्हणून त्यांच्या मागे आम्ही त्यांना टक्केसाहेब म्हणतो.

"ही कुठून काढलीत?"

"सुचली," मी म्हणाले.

"शंभर टक्के सोनं आहे हे. शंभर टक्के."

त्यानंतर तीन महिन्यांनी बाबा गेले. न्यूमोनिया झाला, सहा दिवस हॉस्पिटलात होते. डॉक्टर म्हणाले, वय. माझ्या त्या रिकाम्या रकान्याचा आणि त्यांच्या फुप्फुसांचा काही संबंध नाही, हे मला कळतं. कळून फारसा उपयोग होत नाही.

एका रविवारी दुपारी मी आणि आई त्यांचं टेबल आवरत होतो. खणात वॉरंटी कार्डांचा गठ्ठा निघाला: फ्रीजचं, इस्त्रीचं, कधीच फेकून दिलेल्या रेडिओचंसुद्धा. ऑफिस बंद झाल्यावर बाबा घरातली कार्डं तपासत बसायचे. इस्त्रीच्या कार्डावर लिहिलेलं होतं: 'बिघाड झाल्यास इस्त्री घेऊन समक्ष यावे, पण पत्ता दिलेला नाही. फार हुशार.'

आई हसली, आणि हसता हसता खुर्चीत बसली.

"मीच पाठवलं गं त्यांना," ती म्हणाली.

"कुठे?"

"परीक्षेला. तुला सांगायचं नाही म्हणाले होते. लागली नोकरी तर सांगू, नाहीतर उगाच ओळख लावत फिरेल पोरगी. यंत्राचं लिहिलेलं तपासायचं असलं काहीतरी होतं. जाहिरात मीच कापून ठेवली. दिवसभर घरात बसून इस्त्रीशी भांडण्यापेक्षा जा की, म्हटलं. जात नव्हते. मी पिच्छा पुरवला. थर्माससुद्धा मीच भरून दिला."

मी गठ्ठ्याला रबर लावत होते. ते तुटलं.

"नापास झाले. वर फिरून विचारलं, माझं काय चुकलं ते सांगा, तर उत्तर आलं दोन शब्दांचं. मला म्हणाले, बघ, किती झटपट. आमच्या कोर्टाला एवढंच सांगायला सात वर्षं लागली असती. हसले. पण त्यानंतर एक कार्ड वाचलं नाही त्यांनी. पेपर यायचा तसाच घडी घालून ठेवायचे. एकदा नुसतं म्हणाले, मला जे दिसतं ते आता दुसऱ्या कोणाला दिसत नाही, म्हणजे बहुधा ते नसेलच." आईने डोळे पुसले नाहीत, तशीच बोलत राहिली. "त्रेचाळीस वर्षांत त्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा नाही असं कधी झालं नव्हतं. माझ्यामुळे झालं. मी मागे लागले नसते तर तसेच गेले असते, पण आपलं बरोबर आहे असं समजून."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तिला पाणी आणून दिलं.

त्या आठवड्यात टक्केसाहेबांनी बोलावलं. वर्षाचा अहवाल तयार होत होता, 'वकिली क्षेत्रातील भरतीचा कल'. तो मी लिहिते. परीक्षा झाल्यावर वयं उघडतात, तेव्हा सोळाव्या चुकीचा हिशेब साहेबांनी मांडून ठेवला होता. तिशीच्या आतल्या चौसष्ट उमेदवारांपैकी ती दोघांना सापडली होती. पन्नाशीपुढच्या एकतीसपैकी एकोणिसांना.

"एकसष्ट टक्के!" ते म्हणाले. "आणि इकडे तीन. मॅडम, हाच आपला मथळा. अनुभवी माणसांना पुन्हा मागणी. अहवाल तुम्ही स्वतः मांडा. सगळ्या कंपन्या येणार आहेत. आणि ही चूक तुम्हाला कशी दिसली तेही सांगा, लोकांना गोष्ट आवडते."

सोळाव्या चुकीसाठी मिळालेल्या एका गुणावर आजपर्यंत अकरा जण काठावरून आत आले होते. त्यातल्या सात जणांना काम लागलं होतं. ती नावं अहवालाच्या मागे जोडलेली होती. मी ती वाचली आणि ऑफिसातून निघून सरळ आईकडे गेले. अजून ऊन होतं. आई गॅसजवळ उभी होती. मी चपलाही काढल्या नाहीत.

"आई, बाबांचा पेपर मी तपासला होता."

तिला पहिल्यांदा कळलं नाही. मी सगळं सांगितलं: अक्षर, रकाना, अर्ज, सोळावी चूक, अकरा जण. थर्मास मंडळसुद्धा सांगितलं. ते सांगितलं नसतं तर चाललं असतं, पण मग बाकीचं कशामुळे झालं ते तिला समजलं नसतं.

"म्हणजे त्यांचं बरोबर होतं?"

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

"त्या रविवारी इथे बसून जेवलीस तेव्हाही?"

मी मान हलवली. आईने गॅस बंद केला. भांड्यावर झाकण ठेवलं, ते नीट बसलं नाही, काढून पुन्हा ठेवलं.

"आता तू जा," ती म्हणाली.

नऊ दिवस तिने फोन उचलला नाही. दहाव्या दिवशी तिचाच आला. कशी आहेस वगैरे काही नाही. "त्यांचा निकाल बदलून आण. कागदावर," म्हणाली आणि ठेवला.

टक्केसाहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी समोरचा अहवाल मिटला. मग उठून दार लोटून आले.

"वडील गेले तुमचे. आता हे कोणाला हवंय?"

"आईला."

"हं." त्यांनी पेन फिरवलं. "ठीक आहे. सुधारित गुणपत्रक देतो. पण शब्द मी ठरवणार. मुद्दाम केलं असं कागदावर आलं, तर मागच्या सगळ्या फेऱ्यांवर लोक बोट ठेवतील. आणि मग मी तुम्हाला ठेवू शकणार नाही. समजताय ना?"

समजत होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, कदाचित इतक्या सौम्यपणे म्हटलं नसतं. अर्ध्या तासात कागद तयार झाला, सही-शिक्क्यानिशी.

आईने तो जेवणाच्या टेबलावर ठेवून, चष्मा लावून, मोठ्याने वाचला. "'उमेदवार क्रमांक सत्तेचाळीस यांनी दाखवलेली चूक ग्राह्य होती. परीक्षकाच्या अनवधानाने एक गुण देण्याचे राहून गेले. सुधारित गुण बारा. उमेदवार उत्तीर्ण.'"

'उत्तीर्ण'वर तिचं बोट थोडा वेळ थांबलं. मग वरच्या ओळीवर गेलं.

"अनवधानाने," ती म्हणाली. "म्हणजे तुझं लक्ष नव्हतं?"

"होतं."

"मग हे काय आहे?"

"आई, असंच लिहितात. मुद्दाम केलं म्हणून लिहिलं तर मला काढून टाकतील."

तिने चष्मा काढला. माझ्याकडे पाहिलं, त्या नऊ दिवसांनंतर पहिल्यांदा नीट.

"काढतील?"

"हो. साहेबांनी तसं सांगितलंय."

"मग तुझं कसं व्हायचं?"

"बघेन काहीतरी."

"मी तुला कर म्हणत नाहीये," ती म्हणाली. तिचा आवाज जरा मऊ झाला होता, पण हात कागदावरून हलला नव्हता. "तुझं पोट आहे, तुझं घर आहे. तू ठरव. पण त्रेचाळीस वर्षं त्या माणसाने कोणाला असा कागद करून दिला नाही. लोक म्हणायचे, वकीलसाहेब, तेवढं जरा सांभाळून घ्या. हे त्यांना चहा पाजायचे आणि घरी पाठवायचे. त्यांचाच कागद असा मी त्यांच्या घरात ठेवू? नाही ठेवणार. घेऊन जा."

तिने तो माझ्या बाजूला सरकवला. बाहेर रस्त्यावर कोणाची तरी गाडी चालू होत नव्हती. दोन-तीनदा घरघरली आणि थांबली. मी विचार करत होते असं म्हणता येणार नाही. मला एवढंच दिसत होतं, की हा कागद पर्समध्ये घालून मी दाराबाहेर पडले, तर ती मला पुन्हा बोलावेल, जेवायला वाढेल, सगळं विचारेल, आणि तरीही मी पुन्हा या घरात आलेली नसेन.

"कोरा कागद आहे का?" मी विचारलं.

आईने आतून वही आणली. मधलं पान जपून काढून माझ्यापुढे ठेवलं, आणि समोरच्या खुर्चीत बसली. साहेबांचं पद, संस्थेचा पत्ता, तारीख लिहून झाली. 'सुधारित गुणपत्रकातील कारण खरे नाही' हेही लिहून झालं. मग पेन अडलं. तीन वर्षं मी इतरांच्या चुका लिहीत आले आहे, त्या कशा लिहायच्या ते हाताला पाठ आहे: कलम, ओळ, काय चुकलं, काय हवं होतं. शेवटी तशीच लिहिली.

"वाच," आई म्हणाली.

"'तो पेपर माझ्या वडिलांचा आहे हे मी पहिल्याच पानावर ओळखले होते. नियमाप्रमाणे तो मी दुसऱ्याकडे द्यायला हवा होता. दिला नाही, कारण मला त्यांची लाज वाटली.'"

आई काही बोलेल म्हणून मी थांबले. ती खिडकीकडे बघत होती. तिने हात पुढे केला, कागद हलू नये म्हणून त्याची वरची कड दोन बोटांनी दाबून धरली.

"पुढे लिही," ती म्हणाली.